खालचा सा

“उतरताना शेवटचा सा माझ्या आधी कुणी म्हणायचा नाही. मी टेकले की मग तुम्ही टेका.”

बाईंच्या गाण्याच्या वर्गात एवढाच एक दंडक होता. बाकी सगळं त्या हसत शिकवायच्या. सा, रे, ग, म, प, ध, नी करत वर चढलो की तो आरोह, त्याच वाटेने खाली आलो की अवरोह. निघायचं सा वरून आणि पोचायचंही सा वरच. “सा म्हणजे घर, बायांनो. प्रत्येकीचं वेगळं, जिच्या तिच्या गळ्याच्या उंचीवर.”

बाई गेल्या त्याही शिकवता शिकवताच. आम्ही सगळ्या अवरोह उतरत होतो. ग झाला, रे झाला आणि बाई थांबल्या. डोळे मिटलेले, बोट तंबोऱ्याच्या तारेवर. आम्ही रे वर ताटकळलो. दम संपला तसे एकेकीचे आवाज विझले, तरी सा कुणी म्हटला नाही. बाई श्वास घेताहेत असंच आम्हाला वाटलं. बराच वेळ झाल्यावर आमच्यातल्या शिंपीणकाकूंनी त्यांच्या हाताला हात लावून पाहिला.

वर्ग मग मी चालवू लागले. शिंपीणकाकूंच्या दुकानावरची तीच खोली. सकाळचा जप होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. जप झाला की वर जायचं, दिवा लावायचा आणि तंबोरा काळी चारला लावून ठेवायचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंचीला. बायकामुलींना ती बरी पडते. बाईंचा आवाज मात्र म्हातारपणी उतरून काळी दोनवर आला होता.

काही दिवसांनी दुपारी वर्गाला बसावं तर तंबोरा उतरलेला असायचा. हवा बदलली की तारा ढिल्या पडतात, त्यात नवल नाही. पण चार तारा चार तऱ्हांनी उतरतात आणि ऐकवत नाही असं काहीतरी होतं. हा तंबोरा उतरून सुरेल असायचा. चारही तारा नेमक्या काळी दोनवर, कुणी मन लावून जुळवल्यासारख्या.

“तुझ्यापेक्षा चांगला लावतंय की कुणीतरी,” शिंपीणकाकू म्हणाल्या. “फुकटात मिळतंय तर घे.”

मी हसले. पण त्या दिवसापासून काकू माझ्या आधी खाली उतरू लागल्या.

माझी भाची, जिला आम्ही चिमणी म्हणतो, वर्गात आली ती बाई गेल्यानंतर. तिने बाईंना पाहिलंसुद्धा नव्हतं. आवाज शिटीसारखा बारीक. एकदा अवरोह म्हणता म्हणता ती रे वर थांबली.

“पुढे?”

“थांबायचंय ना, मावशी.”

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या मागे बसतात त्यांनी.”

माझी पाठ भिंतीला टेकलेली होती.

त्यानंतर चिमणीचा आवाज रोज थोडा थोडा उतरत गेला. ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. घसा स्वच्छ आहे म्हणाले.

“काल हिने मला हाक मारली,” ताई म्हणाली, “तर मला वाटलं, स्वयंपाकघरात कुणी म्हातारी शिरली. तू शिकवतेस तरी काय?”

“सारेगमच गं.”

“मग ते पुरे झालं. माझ्या पोरीचा आवाज मला परत पाहिजे.”

तिने चिमणीचा वर्ग बंद केला. त्याने काही झालं नाही. चिमणी घरी जेवता जेवता अवरोह म्हणायची आणि रे वर थांबायची, घास हातात तसाच. पुढे तेवढंच उरलं. तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं. ताईने मला बोलावून घेतलं आणि दाराशी रडली. मी आत गेले.

“चिमणे, त्या काय म्हणतात?”

ती घोगऱ्या, जड आवाजात म्हणाली, “त्यांना सा वर पोचायचंय. एकटीने उतरवत नाही म्हणतात. उद्या मी जाणार आहे सोबत.”

“कुठे?”

तिने बोट जमिनीकडे केलं.

तो आवाज मी ओळखत होते. बाई गेल्या त्या दुपारी आम्ही त्यांची वाट बघत बसलो, आणि त्या बहुतेक आमची. कुणीतरी सा म्हणून पुढे पाऊल टाकायला हवं होतं. आम्ही शिस्तीच्या बायका, गप्प बसलो. आता त्यांनी हाताला लागेल त्या गळ्याला धरलं होतं, आणि तो गळा कोवळा होता.

“तू नाही जायचं,” मी म्हटलं. “तुझा सा खूप वर आहे. त्यांच्याकडे शिकले मी, तर मी जाईन.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग परत कशी येशील?”

“सा वर पोचलं की पुन्हा आरोह असतो ना गं.”

तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलं नव्हतं. पण शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी जप संपवला, माळ डोळ्यांना लावली आणि निघाले. शिंपीणकाकूंनी मशीन थांबवलं.

“निघालीस तंबोरा लावायला?”

“नाही, बाईंना जरा पोचवून येते.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नेहमी काहीतरी टोला मारणारी बाई ती. फक्त म्हणाली, “दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस.”

खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता. मी दिवा लावला. तंबोऱ्याला हात लावायची गरज नव्हती, तो आधीच काळी दोनवर होता. भिंतीपाशी माझी जागा होती, तिथे बसले नाही. समोर, शिकणाऱ्यांच्या सतरंजीवर बसले. तारा छेडल्या, भिंतीकडे तोंड करून नमस्कार केला आणि वरच्या सा पासून हळूहळू उतरायला लागले.