थांबायची खूण

दादा माझा मावसभाऊ. आमची आडनावं वेगळी, म्हणून विमानतळावर कुणाला नातं माहीत नव्हतं. घाईसाहेबाला तर नव्हतंच.

घाईसाहेब म्हणजे आमचा सुपरवायझर. दिवसभर एकच, चला, आटपा, उशीर होतोय. म्हणून पोरांनी ते नाव पाडलेलं.

दादा बेल्टलोडर चालवायचा. विमानाच्या पोटात सामान चढवायची पट्ट्याची गाडी. ड्रायव्हरला पट्ट्याचं टोक नीट दिसत नाही, म्हणून समोर एक माणूस उभा राहतो आणि गाडी त्याच्या हातांवर चालते. त्याने डोक्यावर हातांची फुली केली की जागच्या जागी थांबायचं. दीड वर्षापूर्वी दादाच्या समोर घाईसाहेब होता, फोनवर बोलत. टोक विमानाला लागलं. चौकशीत साहेब शांतपणे म्हणाला, "मी हात वर केले होते. त्याने पाहिलं नाही."

दादाचा विमानतळावर शिरायचा पास गेला, म्हणजे नोकरीच गेली. आता घरी बसून लोकांचे पंखे दुरुस्त करतो. मावशी त्याच्याशी जपून बोलते. मला तेच जास्त लागतं.

मी मुद्दाम तिथेच नोकरी धरली. वर्षभर त्या माणसाला हसून नमस्कार घातला. दात दुखायचे हसून.

मंगळवारी दुपारी ड्रायव्हर आला नाही, तर साहेब स्वतःच लोडरवर चढला. विमानाच्या अलीकडे थांबून ब्रेक तपासायचा असतो, तो तपासलाच नाही. मला म्हणाला, समोर उभा राहा, आणि झोपू नको.

टोकाजवळ कुणी नाही, हे मी आधी पाहून घेतलं. तेवढं केलं. मग हाताने बोलवत राहिलो. या. या. दोन हात अंतर राहिलं. एक हात. फुली करायची वेळ गेली. मी बोलवतच होतो.

टक्क.

खाली उतरून त्याने अंगठ्याला थुंकी लावून पत्रा घासला. रंगच गेलाय म्हणाला, तू काही पाहिलं नाहीस, मीही नाही. प्रवासी वर चढत होते. मी वॉकीटॉकीवर सांगून टाकलं, विमानाला गाडी लागली आहे. विमान थांबलं, सगळे खाली उतरले.

त्या जागेवर कॅमेरा नाही, हे दादाच्या वेळीच कळलं होतं. चौकशीत मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "मी हात वर केले होते. साहेबांनी पाहिलं नाही."

वाक्य त्याने ओळखलं. रंगच उतरला त्याचा. बाहेर आल्यावर मी कुणाचा भाऊ ते सांगितलं. त्याचा पास काढून घेतला होता, गळ्यात नुसती दोरी लोंबत होती.

मावशीच्या घरी येऊन दादाला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो पंख्याचा स्क्रू पिळत ऐकत होता.

"हात वर केले होतेस?"

मी म्हटलं, नाही.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "उद्या जा आणि खरं सांग."

मी म्हटलं, म्हणजे तो परत येणार आणि माझा पास जाणार.

"जाऊ दे."

आज शुक्रवार. मी गेलेलो नाही. दादा माझ्याशी बोलत नाही, मी आलो की पंखा सुरू करून बघत बसतो. मावशी आता माझ्याशीही जपून बोलते. उद्या जाईन कदाचित. पण खोटं कशाला बोलू, ती रिकामी दोरी आठवली की अजून बरं वाटतं.