मी पुढे, भाऊ मागे

मित्रांनो, मी एक जुना लाउडस्पीकर आहे. म्हणजे बहुतेक मीच आहे. कारण माझी कडा नवी, वायर कुणा टेबललॅम्पची आणि पाठीची फळी कपाटाच्या खणाची. यात मी नेमका कुठे उरलो, ते मला विचारू नका. माझंच डोकं चालेनासं झालंय.

आम्ही जुळे भाऊ. कारखान्यात एकाच कारागिराने आमचे कागदी पडदे चिकटवले, शेजारी ठेवून वाजवून पाहिले आणि आमची रवानगी मावशींच्या नाचाच्या शाळेत झाली. आम्ही घुमलो की लाकडी जमीन थरथरायची आणि मुलींची पावलं आपोआप तालावर पडायची. मावशी कौतुकाने म्हणायच्या, "माझ्यापेक्षा हे दोघेच चांगलं शिकवतात!" तेव्हा मी नुसता फुलून जायचो.

पुढे मावशींचे कान मंदावले. शाळा बंद झाली, आम्ही त्यांच्या घरी आलो. बारीक सूर त्यांना ऐकू येईनात, बोलणं ओरडून सांगावं लागे. उरला होता फक्त खर्ज. तो कानाला नाही, तरी छातीला कळतो. म्हणून आमच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून, अनवाणी पाय जमिनीला टेकवून त्या बसत. तेवढंच त्यांचं गाणं राहिलं होतं.

मग आमच्या पडद्यांभोवतीची फोमची कडा कुजून भुगा झाली. आम्ही फडफडू लागलो, तशी आमची मागच्या खोलीत उचलबांगडी झाली. माझ्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आला.

आम्हाला बाहेर काढलं ते मावशींच्या भाचीने. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस, स्पीकर दुरुस्तीत अगदीच नवखी. नवे स्पीकर परवडण्यासारखे नव्हते. दवाखान्यातल्या जुन्या हत्यारांनी तिने माझा वाळलेला गोंद खरवडला आणि सवयीने म्हणाली, "दुखलं तर हात वर करा हं." मी हात कुठून आणू? आम्हा दोघांना स्वस्तातली नवी कडा चिकटवली, माझ्या पाठीला कपाटाच्या खणाची फळी ठोकली, मला मोडक्या लॅम्पची वायर जोडली आणि तिने गाणं लावलं.

मावशी मधल्या खुर्चीत बसल्या. मी जीव तोडून हवा ढकलली.

"अगं, लाव ना," मावशी म्हणाल्या.

"लावलंय की!" भाची ओरडली.

मावशींचा चेहरा उतरला. "मग माझंच संपलं बाई. दे यांना भंगारात." त्या उठल्या आणि खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली. मला रडूच आलं, पण रडायचं कशाने?

मी गोंधळून भावाला म्हणालो, "अरे, मी हवा पुढे ढकलतो आणि तू मागे ओढतोस!"

"मी? तूच ओढतोयस!" तो फणकारला.

भाचीही चक्रावली. मला एकट्याला वाजवलं, मी घुमलो. भावाला वाजवलं, तोही घुमला. दोघांना मिळून वाजवलं की खर्ज गायब! एक आणि एक मिळून शून्य? हा कुठला हिशेब? ती डोकं धरून बसली. मग तिने वायर हातात घेतली आणि बघतच राहिली. लॅम्पच्या वायरीचे दोन्ही पदर तपकिरी! अधिकच्या टोकाला कुठला जोडला आणि उणेच्या टोकाला कुठला, काय पत्ता?

तिने भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून माझ्या वायरीला टेकवला. माझा पडदा टुणकन पुढे आला. भावाच्या वायरीला तसाच टेकवला. त्याचा मागे गेला.

"अय्या! मीच एकाची उलटी जोडली!"

तिने माझ्या वायरीची टोकं बदलली आणि खुर्ची पुन्हा मधोमध आणली.

"पुन्हा कशाला जीव खातेस?" मावशी कुरकुरत बसल्या.

गाणं सुरू झालं. आम्ही दोघे एकदम पुढे, एकदम मागे. मावशींच्या पायाचा अंगठा हलला. मग टाच. त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"आवाज जरा कमी कर गं. शेजारी ओरडतील."

भाची हसत होती आणि डोळेही पुसत होती.

वायर माझी बदलली, म्हणून भाऊ मला 'उलट्या' म्हणतो. त्याची बदलली असती तरी चाललं असतं म्हणे. मग उलटा कोण होता? मला अजून उमगलेलं नाही.

पण मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. जुनी वस्तू गप्प झाली, तर लगेच भंगारात काढू नका. आणि कुणी आपलं माणूस म्हणालं, "माझंच संपलं," तर त्याची खुर्ची उचलण्याआधी आपली वायर तपासा.