भागाबाईचा हंडा आणि पहिला दोना

भैयाजी पाटलांच्या न्हाणीघरात चुलीवर जो ठेंगणा, पोट सुटलेला तांब्याचा हंडा बसलेला दिसतो, तो मी. मित्रांनो, माझी हकिकत सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. मी काही देवळातला कळस नाही. उलट मी पोलीस चौकीत कैद भोगून आलेले भांडे आहे. अशाचे कोण ऐकणार, असे वाटते. पण भागाबाईची आठवण मनातून जात नाही, म्हणून बोलतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले. भागाबाईच्या बापाने मला बाजारातून घेतले आणि लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिले. तिच्यासोबत बैलगाडीत बसून मी वडनेरच्या पलीकडच्या एका लहान गावी आलो. गावाबाहेर नाल्याकाठी गोंडांची लहान वस्ती होती, तिला टोला म्हणत. तिथे पुनाजीचे घर होते. पुनाजी हा भागाबाईचा नवरा. तो जंगलात लाकूडतोडीच्या कामाला जाई. बोलणे कमी, हसणे जास्त.

वर्षभर मी पाणी भरून ठेवण्याच्या कामी येई. मोहाची फुले पडू लागली, की मात्र एक दिवस माझ्याकडे वेगळे काम असे. भिजवलेल्या फुलांचे मडके भागाबाई चुलीवर चढवी आणि त्या मडक्याच्या तोंडावर मला बसवी. खाली जाळ, मधे वाफ, वर मी. माझ्या पोटात गार पाणी असे, म्हणून वाफ माझ्या बुडाला लागली की तिचे थेंब होऊन आतल्या गाडग्यात पडत. मित्रांनो, हे नीट ध्यानात घ्या. दारू माझ्या पोटात कधी गेली नाही. माझ्या पोटात नेहमी पाणीच होते. तरी ती माझ्याच बुडावरून गळत होती, हेही खरे. मग मी दोषी की निर्दोष? माझे मलाच अजून ठरवता आलेले नाही.

ती दारू भागाबाईने कधी विकली नाही. ती पुरख्यांसाठी, म्हणजे घरातल्या गेलेल्या वाडवडिलांसाठी असे. पळसाच्या पानांचा दोना भरून पहिला मान गावच्या पाटलाला, मग संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली पुरख्यांच्या दगडांवर धार, आणि उरली तर भावकीला. भैयाजी पाटील पीत नसत. दोना कपाळाला लावायचे आणि भागाबाई वळली की परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतून द्यायचे. हे सगळ्या गावाला ठाऊक होते, भागाबाईलासुद्धा. पण दोना घेतला म्हणजे पाटील आपल्या घरावर खूश आहे, आणि परत पाठवला म्हणजे रागावला आहे, अशी टोल्याची समजूत होती.

आपल्या जिल्ह्यात दारूबंदी होती. घरी दारू गाळणे गुन्हा आणि गाळायची भांडी बाळगणेही गुन्हा. कायदा वाईट होता, असे मी म्हणणार नाही. टोल्यातला कवडू डबे भरभरून दारू विकायचा, आणि ती पिणाऱ्यांची पोरे उपाशी निजायची. ते रडणे मी भिंतीपलीकडून ऐकले आहे. पण कवडूचा डबा आणि मी, कायद्याच्या डोळ्यांना दोघे सारखेच होतो.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात पुनाजी तापाने गेला. त्याचा दगड मोहाखाली बसवला. पण टोल्याच्या रीतीप्रमाणे, नव्या मोहाची धार त्या दगडावर पडेपर्यंत मेलेला माणूस पुरख्यांत जात नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो. भागाबाई रोज सकाळी माझ्यात पाणी भरताना त्या झाडाकडे बघायची आणि म्हणायची, "थांबा जराक. फुलं पडू द्या."

फुले पडली. त्याच सुमारास कवडूला पकडायला हिंगणघाटहून पोलीस जमादार हिरालाल फेऱ्या मारू लागला. भैयाजींना काळजी वाटली. त्यांनी बायकोच्या, म्हणजे अन्नपूर्णाबाईंच्या हाती निरोप धाडला, की यंदा दोना आणू नको. एवढाच निरोप. का, ते सांगितले नाही. वेशीवर चार लोकांसमोर उभे राहून तसली गोष्ट फोडून सांगणार तरी कशी?

झाले उलटेच. भागाबाई समजली, पाटील आपल्यावर रागावले. पुनाजी गेल्यावर आपले घर पाटलाच्या मनातून उतरले. तिने दोन पानांऐवजी चार पानांचा मोठा दोना लावला, काठोकाठ भरला आणि सगळ्यांनी बघावे म्हणून भर दुपारी गावातून मिरवत नेला. पुढचे मी अन्नपूर्णाबाईंच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे.

पाटलांच्या ओसरीवर जमादार हिरालाल चहा पीत बसला होता. भागाबाईने दोना पाटलांसमोर ठेवला आणि पाया पडली. वास ओसरीभर झाला. भैयाजी खांबाकडे बघत बसले.

"बाई, यात काय आहे?" जमादाराने विचारले.

अन्नपूर्णाबाई दारातूनच घाईने म्हणाल्या, "खोकल्याचा काढा हाय. मीच सांगतला होता."

भागाबाईला ते फार लागले. "काढा काऊन म्हणता, बाई? पहिल्या धारेची हाय. घरधन्याच्या नावाची."

"घरी गाळली?"

"मंग? विकतची पुरख्यांइले चालते काय?" मग पाहुण्यासाठी दोना आणलेला नाही, हे तिच्या ध्यानात आले. "तुमच्यासाठी बी आणीन, साहेब. मले मालूम नव्हतं पाहुणे हायेत म्हणून."

जमादाराला हसू आले आणि लगेच विरून गेले. तो नागपूरकडचा, वयस्क, पोराबाळांचा माणूस. कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "भैयाजी, हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पण ऐकलं ना."

थोड्या वेळाने ते सगळे टोल्यात आले. जमादाराने चुलीवरचे मडके काठीने फोडले. माझ्यातले पाणी ओतले, मला उलटे केले आणि माझे बूड बघितले. पाणी तापवणाऱ्या हंड्याला खाली काजळी असते. मी लख्ख होतो, आणि मोहाचा वास येत होता. तो म्हणाला, हंडाही न्यावा लागेल. गाळलेल्या दारूतली एक बाटली त्याने पुराव्याला भरून घेतली. उरलेली गाडग्यात होती. ती पंचांसमोर जमिनीवर सांडून टाकायची, असा नियम असल्याचे त्याने सांगितले.

मडके फुटताना भागाबाई बाजूला उभी होती. मला उचलले तेव्हा तिने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. पण गाडगे बघून ती आडवी उभी राहिली. पुनाजीची पुरख्यांत जाण्याची सगळी वाट त्या गाडग्यात होती.

"सांडायचीच हाय?"

"सांडायचीच, बाई. माझ्या हातात नाई ते."

"कुठं सांडायची, हे बी कायद्यात लिवलं हाय काय?"

जमादाराने भैयाजींकडे बघितले. भैयाजींनी उपरण्याने तोंड पुसले. जमादार हळूच म्हणाला, "नाई. जमिनीवर. एवढंच."

"मंग चाला. जागा मी सांगीन."

ती पुढे, गाडगे घेऊन जमादार मागे, त्याच्या मागे पाटील आणि टोल्यातली माणसे. मला जमादारासोबतच्या एका शिपायाने खांद्यावर घेतले होते, म्हणून मला सगळे दिसले. मोहाखाली आल्यावर ती म्हणाली, "जोडे काढा, साहेब. पुरखे हायेत." जमादाराने जोडे काढले. पुनाजीच्या दगडासमोर तो वाकला आणि गाडगे कलते केले.

"हळू, साहेब," भागाबाई म्हणाली. "ते घाईनं पेत नव्हते."

जमादाराने हात सावरला. बारीक धार दगडावरून उतरून मातीत मुरत गेली. शेवटचा थेंब पडल्यावर भागाबाई झाडाकडे बघून म्हणाली, "जा आता. आत जा." आणि तेव्हा कुठे ती रडली.

खटला झाला. तिने सगळे कबूल केले. न्यायाधीशांनी समज देऊन तिला सोडले, मला मात्र नाही. चौकीच्या खोलीत फुटक्या सायकली आणि कवडूच्या डब्यांशेजारी मी पडून राहिलो. अंगावर हिरवा कळंक चढला. पोटात कोळ्याने जाळे केले. भांड्याला रिकामे राहण्याएवढे दुःख नाही, मित्रांनो.

पुढे चौकीतल्या वस्तूंचा लिलाव झाला. भैयाजींनी मला सोडवले आणि भागाबाईच्या दारात नेऊन ठेवले. तिने पदराने माझे तोंड पुसले, पण घरात घेतले नाही. "माह्या घरी राह्यला तर जमादारले पुन्हा या लागन," ती म्हणाली. "तुमच्या घरी पाणी तापवन बिचारा. ह्याचं बी म्हातारपण नीट जाईन." तेव्हापासून मी इथे आहे. बूड तेच, पोट तेच. घर बदलले आणि मी सभ्य झालो. हे कसे, ते मला अजून उमगत नाही.

दर उन्हाळ्यात भागाबाई येते. अन्नपूर्णाबाई चिंच लावून मला उजळतात. भागाबाई मला टोल्यात नेते, पाणी भरते आणि मूठभर मोहफुले त्यात भिजत घालते. चूल पेटवत नाही. ते गोड पाणी दोन्यात भरून ती पहिला मान पाटलांना देते आणि संध्याकाळी त्याचीच धार पुनाजीच्या दगडावर धरते. आता भैयाजी ते लिंबाला घालत नाहीत, स्वतः पितात. जमादार त्या बाजूला आला असला, तर त्यालाही दोना मिळतो. आधी वास घेतो, मग पितो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे काळवंडलेले भांडे पडले असेल. मोडीत टाकण्याआधी त्याला एकदा चिंच लावून बघा. ते कोणासाठी आणि कोणी भरले होते, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा. नुसता वास घेऊन कोणाचा निवाडा करू नका.

परवाच अन्नपूर्णाबाईंनी भागाबाईला विचारले, की नुसत्या फुलांच्या पाण्यावर तुमच्या मालकांचे भागते का?

भागाबाईने मला कडेवर नीट सावरून घेतले.

"पहिल्या वर्षी रुसले असन," ती म्हणाली. "आता सवय होऊन राह्यली त्याइले."