डाव्या खांद्याचा आकडा

नाव: जगदेवी. वय: सोळा. गाव: मादन हिप्परगा. अवयव: डावा खांदा.

इथवर डॉक्टर नरहररावांचा टाक सुरळीत चालला. मुलुखातला निजाम गेला, दवाखान्यातले उर्दू तक्तेही गेले आणि रोगांना आकडे आले. साडेसातशेच्या पुढे जन्मजात व्यंगं, आठशेच्या पुढे इजा. सकाळपासून बसून डॉक्टरांची पाठ भरून आली होती.

कारण:

"झाडावरनं पडली सायब," आई गौरम्मा म्हणाली. "चिंचेच्या. सात वरसाची व्हती. तसंच लिवा. पोराकडचे म्हनायलेत, जन्माचं असलं तर सोयरीक मोडतो. लेकराबाळांत उतरतंय म्हने."

तपासणी:

खांद्यामागचं फऱ्याचं हाड वर चढलेलं, आकारानं लहान. हात कानापर्यंत जात नाही. मोडून जुळल्याची खूण कुठंच नाही.

आता हे हिला सांगायचं कसं? काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "इष्टलिंग दंडाला का बांधलंय? तुम्हा लिंगायतांत गळ्यात घालतात ना?"

"ते व्हय? पाळन्यातच मठाच्या अय्यांनी लिंगाचा आडवा दोरा घातला. पन हा फरा असा वर, दोरा मानेला काचायला लागला. तवा त्येनीच दंडाला..."

गौरम्मा थांबली. पदर तोंडाशी गेला.

"अव्वा," जगदेवी म्हणाली, "चिंचेवर चढायला हात तरी वर जायला पायजे का न्हाई?"

डॉक्टरांना हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं.

"तुमची लेक असती तर काय लिवलं असतं, सायब?" गौरम्मानं विचारलं.

आठशेचा आकडा टाकला असता तर हैदराबादेत कोण तपासणार होतं? त्यांनी टाक दौतीत बुडवला.

"खोटं लिवू नका," जगदेवी म्हणाली. "उद्या माजं लेकरू असंच निघालं, तर फसवलीस म्हनून मलाच हाकलतील."

क्रमांक: साडेसातशेच्या पुढचा.

मग त्यांनी पोराकडच्यांसाठी वेगळी चिठ्ठी लिहून वाचून दाखवली. घरची, शेतातली कामं करते. हे व्यंग मुलाबाळांत बहुधा उतरत नाही.

"बहुधा कामून?" गौरम्मा म्हणाली. "ते खोडा की."

"मला तेवढंच ठाऊक आहे, अक्का."

गौरम्मानं चिठ्ठीला हात लावला नाही. जगदेवीनं ती घडी करून चोळीत खोचली.

"मी दावते त्येस्नी."

"न्हाई म्हनले तर?"

"तर न्हाई. ऊठ अव्वा, मोटार जाईल."