जलमहालाची काच

मुखरूला आशाबाई आवडत नव्हती, आणि आवडावं असं तिच्यात काही नव्हतंच, असं मुखरूचं म्हणणं. चालताना टाचा आपटायची. हसली की वरच्या हिरड्या दिसायच्या. लुगडं असं खोचायची, की बाई स्टेजवर निघाली की धानाच्या रोवणीला, कळू नये. पण ती बाई होती. खरीखुरी. आणि तेवढ्यावरून, वीस वर्षं वडशाच्या नाटकमंडळीत राणी, सून, प्रेयसी झालेला मुखरू एका दिवाळीत म्हातारी सासू झाला.

मंडळीचे मालक गुणवंतराव. धानाची गिरणी त्यांची, नाटकाचं वेडही त्यांचं. आशाबाईला त्यांनीच नागपूरहून आणलं.

"जमाना बदलला, मुखरू," ते म्हणाले. "आता लोकाईले खरी बाई पायजे."

"अन् मी काय इतकी वरसं खोटी होती?"

गुणवंतराव हसले. मुखरू हसला नाही.

"हे पाय," ते म्हणाले, "शंकरपटाच्या दिवशी, बैलाईच्या शर्यती झाल्या का रातच्याले पयला खेळ. लोकाईले पोरगी पटली नाई, तं ते नागपूरले वापस अन् राणी तूच. पटली तं मंग तू समजदार आहेस."

मुखरू समजदार होता. म्हणूनच त्या दिवसापासून त्याला झोप नीट लागेना.

त्याच सुमाराला गुणवंतरावांना दुसरं वेड लागलं. नागपुरात कुण्या डॉक्टराच्या घरी त्यांनी काचेच्या पेटीत पोहणारे मासे पाहिले होते. तसाच, पण चांगला हातभर उंच आणि पुरुषभर लांब काचेचा हौद त्यांनी करवून घेतला आणि गिरणीच्या टिनाच्या शेडमध्ये विटांच्या ओट्यावर बसवला. नाटकाचं स्टेजही त्याच शेडमध्ये होतं. राजा राणीला जलमहालात कोंडतो, असा प्रवेश होता. राणीनं हौदाच्या मागं बसून गाणं म्हणायचं आणि लोकांना पाणी, हिरवी पानं आणि मासे यांच्यामधून फक्त तिचा चेहरा दिसायचा. हौदाची निगा कोणी राखायची? सासूला प्रवेश दोनच. म्हणजे मुखरूनं. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच.

मुखरूचा दोष असा, की त्याला कुठलंही काम वाईट करता येत नसे. तळ्यातलं लांब पट्टीचं पाणगवत आणून त्यानं धुतलेल्या रेतीत रोवलं. मासे धरणाऱ्या ढिवरांकडून बोटाएवढे चंदेरी मासे आणले. थोडे दिवस सगळं झकास होतं. मग काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसू लागली. पुढं पानांवर, रेतीवर, गोट्यांवर, जिथं तिथं तेच. बोटानं पुसलं की चटकन निघायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मुखरूनं रेती उपसून धुतली, पाणी ओतून देऊन विहिरीचं ताजं भरलं. शेवाळ आणखीच दाट आलं. चिडून त्यानं हौदाला शिव्या घातल्या, त्यातल्या काही आशाबाईसाठी होत्या.

मग एके सकाळी त्याला तपकिरी काचेवर स्वच्छ, वळणावळणाच्या रेघा दिसल्या. पाणगवताबरोबर दोन-चार बारक्या गोगलगाई आल्या होत्या. त्या जिथून गेल्या, तिथली काच लख्ख. मुखरूनं तळ्यातून आणखी गोगलगाई आणून सोडल्या. पाणी बदलणं बंद केलं, आणि हौदावर ऊन यावं म्हणून छताचं एक टिन बाजूला सरकवलं. हळूहळू पानं हिरवी झाली, काच इतकी लख्ख, की दिसेनाशी झाली. आपल्या अकलेवर तो भलताच खूश झाला.

ती खुशी तालमीपर्यंत टिकली. आशाबाई हौदामागं जाऊन बसली, एक मासा तिच्या कपाळावरून पोहत गेला, आणि गुणवंतराव खुर्चीतून उठले.

"वा! बाई असावी तं अशी!"

मुखरूला लोक म्हणायचे, 'हुबेहूब बाई.' वीस वर्षं तो त्या शब्दावर जगला होता. त्या दुपारी त्याला 'हुबेहूब'चा अर्थ कळला, आणि त्याच्या अंगाची आग झाली. आपण घासली ती काच, आपण रोवलं ते गवत, आणि त्यात मिरवणार ही! त्यानं बाह्या वर केल्या, एकेक गोगलगाय वेचून लोट्यात टाकली आणि लोटा गिरणीमागच्या धानाच्या बांधीत भिरकावून दिला. टिन पुन्हा ओढून घेतलं. रोज विहिरीचं ताजं पाणी भरू लागला.

"मेहनती माणूस हाय," गुणवंतराव म्हणाले.

"पाणी ताजं पायजे, भाऊ," मुखरू म्हणाला.

शंकरपटाच्या दिवसापर्यंत काचेवर चांगला दाट तपकिरी थर चढला होता. इकडं आवारात बैलबंड्या सुटू लागल्या, आणि तिकडं गुणवंतरावांचं हौदाकडं लक्ष गेलं.

"हे काय होय बे? घास ना!"

"आता घासलं तं पाणी गढूळ होईन, भाऊ. मासेबी मरतीन."

खोटं नव्हतं ते. गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला. मुखरूला आतून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात आशाबाई लुगडं आवरत आली. "मुखरूभाऊ, निऱ्या जमून नाई राह्यल्या." नको म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बिघडलेल्या निऱ्या घेऊन कोणी स्टेजवर जावं, हे त्याला मेल्यावरही सहन झालं नसतं. तो गुडघ्यांवर बसला, निऱ्या घातल्या, आणि पदर खांद्यावर बसवायला वर पाहिलं.

गॅसबत्ती तिच्या डोक्यावर टांगलेली होती. तालमी सगळ्या दिवसा झालेल्या, रॉकेल कोण जाळणार? त्या पांढऱ्या भगभगीत उजेडात तिच्या गालांवरचे देवीचे वण एकेक करून उठून दिसत होते. पावडरीखालीही प्रत्येक वणाला आपली सावली होती. मुखरू पाहतच राहिला. गॅसचा उजेड चेहऱ्याला कसा खातो, हे मंडळीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दाढीची निळी झाक लपवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. काच लख्ख असती, तर पटाला आलेला सारा गाव आज हे वण पाहून हसला असता. आणि काच त्यानंच बुजवली होती.

पडदा सरकला. गॅसचा उजेड तपकिरी काचेतून आला तो दिवस कलतानाच्या उन्हाचा होऊन. त्यात आशाबाईचा चेहरा होता, मऊ, एकसारखा, वण ना डाग. शिट्ट्या मारणारे गप्प झाले. गाणं संपलं तेव्हा लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग पुन्हा. पांढऱ्या केसांचा टोप घालून मुखरू विंगेत उभा होता. एवढं गोड दिसणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

सकाळी गुणवंतराव म्हणाले, "राणी पक्की. अन् काचेले हात लावजो नोको, अशीच ठेव."

मुखरू मान हलवून निघाला तो थेट तळ्यावर. लोटाभर गोगलगाई वेचल्या. चार खेळांत काच साफ झाली असती. मग बसा म्हणावं गॅसखाली! आणि दोष कोण देणार? काच स्वच्छ ठेवणं हे तर त्याचं काम.

शेडमध्ये आशाबाई एकटीच हौदाजवळ उभी होती. त्याला पाहताच ती वाकली आणि त्याच्या पायांना हात लावला.

"तुमी माह्यासाठीच ठेवली ना काच अशी? कोनाले नाई सांगत मी. नागपुरात एका मंडळीनं या तोंडापायीच काढलं होतं मले."

मुखरू लोटा खाली ठेवून हौदामागं गेला आणि तिच्या स्टुलावर बसला.

"समोर जाय," तो म्हणाला. "अन् पाय माह्याकडं. बत्ती पेटव."

तिनं बत्ती पेटवून टांगली आणि समोर गेली. त्यानं मान जराशी कलती केली, डोळे खाली वळवले, राणीसारखे.

"कशी दिसून राह्यली मी?"

"दाढी नाई दिसत, भाऊ," ती म्हणाली.

वीस वर्षं मुखरूनं रोज दोनदा दाढी खरवडली, सफेदा थापला, आणि हवी होती ती ही एवढीशी घाण. ती मिळाली तेव्हा स्टूल दुसरीचं झालं होतं.

तो उठला, लोटा उचलला आणि तळ्याकडं चालू लागला. आशाबाईचा राग त्याला कालच्याइतकाच येत होता, जरा जास्तच. त्या काचेमागं आपण पुन्हा कधी बसणार नाही, या विचारानं त्याला भर रस्त्यात रडू आलं. तळ्यावर पोचून त्यानं गोगलगाईंचा लोटा पाण्यात उपडा केला, आणि रिकामा झालेला लोटा उगाचच घासत बसला.