चौथ्या ट्रेलरचा नारळ

न्हावा शेवा बंदरात कंटेनर पोचवणाऱ्या कमळच्या धंद्यात त्या सकाळी चौथा ट्रेलर आला, आणि घरच्यांनी कमळला स्वयंपाकघरात बसवलं. नवरा वारल्यावर एका जुन्या ट्रेलरवरून हा धंदा तिनेच उभा केला होता. पण विधवेने नव्या गाडीसमोर उभं राहू नये, असा रिवाज. गाडीला अपशकुन होतो. गाडी पसंत करायला तीच गेली होती, तेव्हा अपशकुन बहुतेक सुट्टीवर होता.

अंगणात बॅनर लागला होता: ‘यशस्वी उद्योजक अल्पेशशेठ’. अल्पेश तिचा दीर. पूजेला एक पुढारी यायचे होते, त्यांच्यासमोर तो उद्योजकाच्या गुणांवर बोलणार होता. भाषण घोकत तो दारात आला.

“वैनी, धाडस, चिकाटी झाला. तिसरा गुण काय सांगू?”

“वेळ पाळना. दोनला बंदराचा गेट बंद होतं. माल आज न्हाय चढला तं पार्टी गेली. गाडी सोड.”

“पाहुनं आल्याबिगर नारल कसा फोडू?”

पाहुणे अजून आंघोळीला गेले नव्हते. कमळ उठली. सासूबाई ठमाबाई, त्याही विधवाच, दारात आडव्या झाल्या.

“नको गो बाय. लोकं काय बोलतील?”

“पार्टी गेली तं लोकं जेवाला घालतील का?”

तिने काचेला कुंकू लावलं, नारळ फोडला. ड्रायव्हर अंबाजी स्टिअरिंगला हात लावेना.

“वैनी, वाटंत काय झाला तर?”

“काय झाला तर क्रेनवाल्याला फोन कोन करतं?”

“तुमीच.”

“मंग चल. मी बसतंय बाजूला.”

माल वेळेत पोचला. इकडे पुढारी आले. गाडी नाही, म्हणून जुन्या ट्रेलरची स्टेपनी पाटावर ठेवून तिची पूजा झाली. ती घरंगळू नये म्हणून दोघांनी धरून ठेवली. अल्पेश धाडसावर बोलला. टाळ्या पडल्या.

परतताना नव्या ट्रेलरचं टायर फुटलं. त्या रस्त्यावर त्या दिवशी सवाष्णींनी ओवाळलेल्या गाड्यांचीही टायरं फुटली. ती गावाने खड्ड्यांच्या नावावर घातली. कमळचं मात्र कमळच्या.

“मी सांगत होती,” रात्री वाढताना ठमाबाई म्हणाल्या.

“पाचव्या गाडीला नारल तुमी फोडा, आई.”

ठमाबाईंनी पळी खाली ठेवली. नवरा गेल्यापासून घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. त्यांनी हळूच विचारलं,

“जोरान आपटाचा ना गो?”