पळायला जाणाऱ्याची गाडी

मी पिंपळीच्या हिंदुरावांची इलेक्ट्रिक बाईक बोलतेय. दचकू नका. चालताना माझा आवाज होत नाही, पण डोळे-कान शाबूत आहेत, आणि या घरात मी जे पाहिलं ते आता पोटात ठेववत नाही.

शोरूममध्ये हिंदुरावांनी मला निवडलं ते रंग बघून. मिलिटरी हिरवा! नारळ फुटला, हार पडला. कशासाठी? तर त्यांचा इंद्रजित बारामतीजवळच्या सैन्यभरतीच्या अकॅडमीत जायचा आणि मैदान घरापासून सहा किलोमीटर.

"पोरगं चालत गेलं तर दमंल. मग पळंल कवा?" हिंदुराव म्हणाले.

पळायला शिकणाऱ्याला बसायला गाडी! मला तेव्हाच हसू आलं होतं.

इंद्रजित म्हणजे नुसता थाट. आर्मी प्रिंटची पँट, बारीक कापलेले केस, वर गॉगल. वयात बसणारी ही त्याची शेवटची भरती, पण पायांना त्याची खबरच नव्हती. गुडघा दुखतो म्हणून मैदानाच्या कडेला बसून राहायचा. परतताना कालव्याचा रस्ता लागला, की मोबाईलमधलं पळण्याची वेळ मोजणारं ॲप सुरू करायचा, मोबाईल खिशात टाकायचा आणि मला सावकाश हाकायचा. पळायची मी, नाव याचं! भरतीत पळावे लागतात ते सोळाशे मीटर, साडेचार मिनिटांत. हिंदुराव तो आकडा पारावर दिसेल त्याला दाखवत. बांधावर उभं राहून ऊस किती टन पडेल ते सांगणारा हा माणूस, पण पोराच्या अंगाला घाम नाही हे त्याला दिसू नये!

एक दिवस हिंदुराव मुलाच्या मागे बसून थेट अकॅडमीत आले. तिथले उस्ताद विजयसिंह, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मोबाईलमधला आकडा पाहिला, इंद्रजितला पाहिलं आणि माझ्यावर बसले.

"चल, माझ्यासंगं पळ. ह्याच वेगानं."

दुसऱ्या फेरीतच गडी गुडघ्यावर आला.

"आज पाय दुखत आसंल त्येचा," हिंदुराव घाईघाईने म्हणाले. खोट्याला बापच टेकू द्यायला निघाला! अशी चीड आली म्हणता.

इंद्रजितने मान वर केली नाही. "आबा, पाय न्हाय दुखत. रोज गाडीच पळत हुती. मी न्हाय."

हिंदुराव मला घेऊन घरी गेले. पोरगा मागून चालत आला. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर पळतच जाऊ लागला आणि माझ्या नशिबी गुरांची वैरण आली. मी त्याचं कौतुक करणार नाही. दोन वर्षं बसून काढली आणि शेवटचे दोन महिने पळाला. आईबापांनो, पोरांना गाड्या खुशाल घ्या, पण ती काय करतात ते मोबाईलला विचारू नका.

भरतीत इंद्रजित अकरा सेकंदांनी हुकला.

त्या संध्याकाळी वैरणीचा भारा बांधून आम्ही पारावरून निघालो, तर कुणीतरी विचारलंच, "काय हिंदुराव, त्या साडेचार मिनिटांचं काय झालं?"

आता वशिला निघणार, ऊन निघणार, नशीब निघणार, अशी माझी खात्री होती. माणसांना निमित्तांचा तोटा नसतो.

हिंदुरावांनी मला स्टँडवर लावलं.

"खोटं हुतं त्ये. अकरा शेकंदानं ऱ्हायलं पोरगं," ते म्हणाले. "पर सोता पळालं."

त्यांना पाठीवर घेऊन घरी जाताना मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.